सेव्ह केलेला पासवर्ड कुणाचा?

सूरतच्या रिंग रोडवरच्या कापड मार्केटांत दुकान, माल आणि हिशेब एका छपराखाली असण्याचे दिवस मागे पडले. गाळा मार्केटात, ग्रे कापड पांडेसरा नाहीतर सचिनच्या मिलमध्ये, तयार मालाचं गोदाम सारोलीच्या बाजूला आणि टॅलीचा डेटा महिन्याच्या भाड्याने घेतलेल्या कुठल्यातरी सर्व्हरवर. हिशेब लिहिणारा लिंबायत, डिंडोली किंवा गोडादऱ्याच्या घरात बसलेला असतो, आणि पुष्कळदा तो आपला माणूस असतो. धुळे, नंदुरबार, जळगावकडून ताप्ती लाइनच्या गाडीने उधन्याला उतरलेल्या पिढीची मुलं आता बी.कॉम. करून, टॅली शिकून तीन-चार दुकानांचे हिशेब सांभाळतात. आखाजीला गावी गेली तरी लॅपटॉप बरोबर असतो आणि शहाद्याच्या ओट्यावरून सूरतच्या सेठचं बिल निघतं.

हे सगळं चालतं रिमोट डेस्कटॉपवर. दूरचा कॉम्प्युटर आपल्या पडद्यावर उघडायचा आणि समोर बसल्यासारखं काम करायचं. त्यासाठी पत्ता, नाव आणि पासवर्ड लागतो. रोज टाइप करायला कंटाळा येतो म्हणून कधीतरी ‘लक्षात ठेव’च्या चौकोनात टिक केली जाते. त्यानंतर पासवर्ड कुणालाच विचारला जात नाही आणि तो कुणालाच आठवतही नाही. वर्षानुवर्षं दार उघडत राहतं. तो साठवलेला पासवर्ड नेमका कुठे असतो, कुणाच्या हाती लागू शकतो, त्याच्यावर मालकी कुणाची आणि तो चुकीच्या हातात गेला तर भोगतं कोण, हे नीट पाहायला हवं. एवढ्या मोठ्या व्यापाराच्या शहरात याबद्दल बोललं जातं ते बहुतेक काहीतरी घडून गेल्यावर.

असं दुरून काम करायची सवय लागली त्यामागे कारणं आहेत. ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणातून सोडलेल्या पाण्याने तापीला पूर आला आणि शहराचा बराच भाग बुडाला. तळमजल्यावरचे चोपडे आणि कॉम्प्युटर एकदमच गेले. डेटा दुकानात ठेवू नये हे अनेकांना तेव्हा पटलं. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि हिशेब वर्षअखेरीचा राहिला नाही, महिन्याचा झाला. एप्रिल २०१८ पासून आंतरराज्य मालाला ई-वे बिल लागू झालं, म्हणजे ट्रान्सपोर्टला गाठ देण्याआधी कुणीतरी कॉम्प्युटरवर असायलाच हवं. मग मार्च २०२० चा लॉकडाउन. मार्केट बंद, हिशेब चालू. त्या काही महिन्यांत घाईघाईने जे कनेक्शन जोडलं गेलं, तेच पुष्कळ ठिकाणी आजही तसंच आहे, त्याच नावाने आणि त्याच पासवर्डने.

तंत्र त्याहून जुनं आहे. मायक्रोसॉफ्टने १९९८ मध्ये विंडोज एनटीच्या टर्मिनल सर्व्हर आवृत्तीत ते आणलं, २००१ मध्ये विंडोज एक्सपीबरोबर ते ऑफिसांत पोचलं. केंब्रिजच्या ऑलिव्हेटी प्रयोगशाळेतून व्हीएनसी निघालं. जर्मनीत २००५ साली टीमव्ह्यूअर आणि २०१४ साली एनीडेस्क सुरू झालं. आपल्या बाजारात एनीडेस्क एवढं का पसरलं याचं कारण साधं आहे. दुकानातल्या कॉम्प्युटरवर बहुधा विंडोजची होम आवृत्ती असते आणि ती बाहेरून येणारं मायक्रोसॉफ्टचं रिमोट कनेक्शन स्वीकारतच नाही. प्रो आवृत्ती स्वीकारते, पण एका वेळी एकच माणूस. चार जणांना एकाच वेळी टॅली हवी असेल तर सर्व्हर आणि त्याचे परवाने लागतात. तो खर्च वाचवायला मार्केटात काय काय जुगाड चालतात ते सगळ्यांना ठाऊक आहे, आणि परवाना मोडून उघडलेल्या त्या वाटा पासवर्डच्या दृष्टीनेही सर्वांत कच्च्या असतात.

आता मूळ प्रश्न. पासवर्ड दोन कामांसाठी साठवला जातो आणि ही दोन कामं फार वेगळी आहेत. सर्व्हरला फक्त पडताळायचं असतं: समोरच्याने दिलेला पासवर्ड बरोबर आहे का? त्यासाठी मूळ पासवर्ड ठेवायची गरज नाही. त्यावर एक उलट न फिरवता येणारी गणिती क्रिया करून आलेला हॅश ठेवला की पुरतं. बेल लॅब्जच्या रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्पसन यांनी १९७९ च्या लेखात हे मांडलं, त्यात प्रत्येक पासवर्डला वेगळा ‘सॉल्ट’ घालण्याची युक्तीही होती. आपल्या लॅपटॉपवरच्या रिमोट सॉफ्टवेअरचं काम मात्र उलटं आहे. त्याला तो पासवर्ड जसाच्या तसा पुढे द्यायचा असतो, म्हणून तो पुन्हा उघडता येईल अशाच रूपात ठेवावा लागतो. जे आपोआप उघडतं, ते उघडणारी दुसरी किल्लीही त्याच कॉम्प्युटरवर किंवा त्याच्या आवाक्यात असावी लागते. ‘आमचे पासवर्ड एन्क्रिप्टेड असतात’ या जाहिरातीतल्या वाक्याला म्हणूनच फारसा अर्थ नाही. विचारायचं ते एवढंच, की ती दुसरी किल्ली कुठे आहे?

हा प्रश्न घेऊन एकेक सॉफ्टवेअर पाहू.

विंडोजबरोबर येणारं रिमोट डेस्कटॉप कनेक्शन सेव्ह केलं की एक आरडीपी फाइल तयार होते. ती नोटपॅडमध्ये उघडून बघा. साध्या अक्षरांच्या ओळी दिसतील: एका ओळीत सर्व्हरचा पत्ता, एका ओळीत युजरचं नाव, बाकीच्या पडदा, प्रिंटर, आवाज यांच्या. जुन्या काळच्या फायलींत ‘पासवर्ड ५१’ अशा नावाची एक ओळ असे आणि तिच्यापुढे अंक-अक्षरांची लांबलचक माळ. व्हिस्टापासून पासवर्ड त्या फाइलमधून निघाला आणि विंडोजच्या क्रेडेन्शियल मॅनेजरमध्ये गेला. कंट्रोल पॅनेलमधून तिथे गेलात की प्रत्येक सर्व्हरच्या नावाने एक नोंद दिसते. आपण दोन वर्षांपूर्वी सोडलेल्या दुकानाची नोंदही तिथे सापडली तर नवल वाटायला नको. पासवर्ड ठिपक्यांमागे झाकलेला असतो. त्याचं कुलूप विंडोजच्या ज्या यंत्रणेने लावलेलं असतं, तिची किल्ली त्या माणसाच्या विंडोज लॉगिनच्या पासवर्डातून तयार होते. रचना चांगली आहे: फाइल चोरून दुसऱ्या कॉम्प्युटरवर नेली तर ती मुकी राहते. पण सूरतच्या किती गाळ्यांत सकाळी कॉम्प्युटर सुरू केल्यावर पासवर्ड विचारला जातो? जिथे लॉगिनलाच पासवर्ड नाही, तिथे त्यातून घडलेली किल्लीही नावापुरतीच. शिवाय जो प्रोग्राम त्या माणसाच्या नावाने चालतो, त्याला विंडोज ते कुलूप उघडून देते. व्हॉट्सॲपवर आलेल्या बिलाच्या फाइलमधून शिरलेला प्रोग्रामही त्यात आला. फ्रान्सच्या बेंजामिन डेल्पी यांनी २०११ मध्ये ‘मिमिकाट्झ’ हे साधन प्रसिद्ध करून विंडोजमधले साठवलेले पासवर्ड किती सहज बाहेर काढता येतात ते जगाला दाखवलं. त्यानंतर मायक्रोसॉफ्टने विंडोज १० मध्ये रिमोट क्रेडेन्शियल गार्डसारखी सोय आणली, पण ती मोठ्या कंपन्यांच्या डोमेन व्यवस्थेत चालते, आपल्या गाळ्यात नाही.

व्हीएनसीची गोष्ट थोडक्यात सांगण्यासारखी आहे. त्याचा जुना पासवर्ड आठ अक्षरांपर्यंतच धरला जाई, आणि तो ज्या किल्लीने झाकला जाई ती किल्ली सगळ्या जगात एकच, प्रोग्रामच्या उघड्या कोडमध्ये लिहिलेली. अशा झाकण्याला कुलूप म्हणता येत नाही. अनेक कनेक्शनं एका खिडकीत लावून देणाऱ्या एमरिमोटएनजीत सगळी यादी एका एक्सएमएल फाइलमध्ये असते. स्वतःचा मास्टर पासवर्ड लावला नाही तर ती एका ठरलेल्या चार अक्षरी शब्दाने झाकलेली राहते आणि तो शब्द इंटरनेटवर कुणालाही मिळतो. सोय आहे, लावली मात्र जात नाही. टीमव्ह्यूअरच्या जुन्या आवृत्त्यांतही रजिस्ट्रीतले पासवर्ड सगळीकडे सारख्याच असलेल्या किल्लीने झाकलेले होते. हा दोष २०२० च्या सुरुवातीला उघड झाला. मायक्रोसॉफ्टचा स्वतःचा कनेक्शन मॅनेजर २०२० मध्ये सुरक्षेच्या दोषामुळे मागे घेतला गेला आणि पुढच्या वर्षी दुरुस्त होऊन परत आला.

या सगळ्यांत मला सायमन टॅथम यांच्या पुट्टीचा निर्णय सर्वांत प्रामाणिक वाटतो. लिनक्स सर्व्हरला जोडणारं ते साधं सॉफ्टवेअर कनेक्शनांची यादी जपून ठेवतं, पासवर्ड मात्र ठेवत नाही. पत्ता वेगळा आणि किल्ली वेगळी. तो भेद बाकीच्या सॉफ्टवेअरांनी सोयीपायी पुसला, आणि आज आपण निस्तरतोय ते त्याचेच परिणाम.

एनीडेस्कची पद्धत थोडी निराळी आहे आणि ती समजून घेणं आपल्याकडे जास्त गरजेचं आहे. कुणी नसताना आत येता यावं म्हणून दुकानाच्या कॉम्प्युटरवर पासवर्ड लावला जातो. जोडणाऱ्याने एकदा तो दिला आणि आपोआप लॉगिनची टिक केली, की दुकानाचा कॉम्प्युटर त्याला एक टोकन देतो. म्हणजे जोडणाऱ्याकडे पासवर्ड राहत नाही, प्रवेशाचा परवाना राहतो. हे पासवर्ड ठेवण्यापेक्षा बरं. पण परवाना देणाऱ्याला त्याची आठवण राहत नाही. एनीडेस्क उघडलं की अलीकडच्या कॉम्प्युटरांची छोटी चित्रं दिसतात. पाच दुकानं सांभाळणाऱ्या मुलाच्या पडद्यावर एका चौकटीत खाटू श्यामबाबा, दुसरीत श्रीनाथजी, तिसरीत अंबामाता, प्रत्येक सेठच्या कॉम्प्युटरवरचं वॉलपेपर. खाली नऊ-दहा आकडी नंबर. त्यातली दोन दुकानं त्याने कधीच सोडलेली असतात, चौकट मात्र तिथेच असते आणि क्लिक केली तर दार उघडतं. दुकानाच्या बाजूने सेटिंगमध्ये टोकन रद्द करायची सोय आहे, इतरांना लॉगिन जपून ठेवू न देण्याचीही आहे. तिथपर्यंत जाऊन पाहिलेला सेठ मला अजून भेटायचा आहे.

त्या दाराच्या आत काय असतं, हे बाहेरच्या पासवर्डपेक्षा महत्त्वाचं. दुकानाच्या कॉम्प्युटरवरच्या क्रोममध्ये जीएसटी पोर्टल, ई-वे बिल, आयकर, ट्रान्सपोर्टरची साइट, कधी कधी बँकही, सगळ्यांचे पासवर्ड सेव्ह. एका रिमोट कनेक्शनमागे अख्ख्या पेढीचा व्यवहार उभा असतो. सरकारने यातली एक वाट अरुंद केली आहे. ई-वे बिल आणि ई-इन्व्हॉइसच्या पोर्टलवर दुहेरी पडताळणी टप्प्याटप्प्याने सक्तीची झाली: २० कोटींवरच्या उलाढालीला १ जानेवारी २०२५ पासून, ५ कोटींवरच्यांना १ फेब्रुवारीपासून आणि बाकी सगळ्यांना १ एप्रिल २०२५ पासून. मग मार्केटात नवी रीत पडली. ओटीपी सेठच्या मोबाइलवर येतो, एकाउंटंट फोन करतो, सेठ ओटीपी वाचून सांगतो किंवा व्हॉट्सॲपवर पाठवतो. खरं तर पोर्टलवर प्रत्येक कामगारासाठी वेगळा उप-वापरकर्ता करता येतो आणि त्याचा ओटीपी त्याच्याच मोबाइलवर येतो. पाच मिनिटांचं काम आहे. ते केलं तर कुणी कोणतं बिल काढलं हे आपोआप कळेल, आणि पुढच्याला फोनवर ओटीपी सांगायची सवयही सुटेल. ही सवय किती महाग पडते ते रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्येच सांगितलं होतं. ठग फोन करून एनीडेस्क उतरवायला लावतात, नऊ आकडी नंबर विचारून घेतात आणि यूपीआयवरून खातं रिकामं करतात, असा तो इशारा होता. नंबर आणि कोड फोनवर सांगण्याची हाताला लागलेली सवय ठगाच्या कामी येते.

हिऱ्यांच्या बाजूने पाहिलं तर धोका वेगळ्या चेहऱ्याने येतो. वराछा, कतारगामच्या कारखान्यांत कच्च्या हिऱ्याच्या आतले डाग शोधणारी सरीनच्या गॅलॅक्सीसारखी यंत्रं आहेत. खड्यातून कोणता तयार हिरा काढायचा याचा प्लॅन कॉम्प्युटरवर होतो, आणि तो प्लॅन म्हणजे त्या खड्याची किंमत आधीच कळणं. अशा कॉम्प्युटरला दुरुस्तीसाठी बाहेरून जोडू दिलेलं कनेक्शन काम झाल्यावर बंद झालं की नाही, हे पाहणारा माणूस कारखान्यात नेमलेला असायला हवा. दुरुस्ती करणाऱ्याला कायमचा पासवर्ड कधीही देऊ नये. प्रत्येक वेळी समोर बसून परवानगीचं बटण दाबावं, काम संपलं की कनेक्शन तोडावं.

बाहेरच्या चोरांचं काय? मायक्रोसॉफ्टचं रिमोट डेस्कटॉप ज्या ३३८९ क्रमांकाच्या पोर्टवर ऐकतं, ते इंटरनेटवर उघडं ठेवलं की जगभरचे स्वयंचलित प्रोग्राम तिथे दिवसरात्र पासवर्ड लावून पाहत राहतात. पेढीचं नाव आणि पुढे ‘ॲट १२३’ हा आपला आवडता पासवर्ड त्यांच्या यादीत वरच असतो. मे २०१९ मध्ये ‘ब्लूकीप’ हा दोष निघाला तेव्हा पासवर्डशिवायच आत शिरता येत होतं. तो इतका गंभीर होता की मायक्रोसॉफ्टने कधीच निवृत्त केलेल्या एक्सपीसाठीसुद्धा दुरुस्ती दिली. आता १४ ऑक्टोबर २०२५ पासून विंडोज १० लाही नेहमीची दुरुस्ती मिळत नाही आणि मार्केटातले बरेच कॉम्प्युटर अजून त्यावरच आहेत. टॅली क्लाउडवर देणाऱ्याकडून सर्व्हर घेताना भाडं विचारतो तसं हेही विचारावं: ३३८९ थेट उघडं आहे का, की आधी व्हीपीएन किंवा गेटवे आहे? पाच वेळा चुकीचा पासवर्ड दिला तर खातं अडतं का? आमच्या लॉगिनला दुहेरी पडताळणी आहे का? उत्तर देताना जो चाचपडतो त्याच्याकडे आपला हिशेब ठेवू नये.

सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपन्याही सुटलेल्या नाहीत. २०१६ मध्ये टीमव्ह्यूअर वापरणाऱ्या अनेकांची खाती बळकावली गेली. लोकांनी दुसरीकडे फुटलेलाच पासवर्ड इथेही वापरला होता, असं कंपनीचं म्हणणं होतं. फेब्रुवारी २०२४ मध्ये एनीडेस्कने आपल्या सर्व्हरांवर हल्ला झाल्याचं जाहीर केलं, वेब पोर्टलचे पासवर्ड रद्द केले आणि सॉफ्टवेअरवर सही करायचं प्रमाणपत्रही बदललं. जून २०२४ मध्ये टीमव्ह्यूअरच्या कार्यालयीन नेटवर्कमध्ये घुसखोरी झाली. म्हणून कनेक्शनांची यादी आणि पासवर्ड कंपनीच्या ऑनलाइन खात्यात ठेवायचे असतील तर त्या खात्याला दुहेरी पडताळणी हवीच.

पासवर्डच्या तिजोऱ्या, म्हणजे कीपास, बिटवॉर्डन यांसारखी सॉफ्टवेअरं, यांच्याबद्दलही शंका घेतल्या जातात आणि त्याला कारण आहे. २०२२ मध्ये लास्टपासच्या ग्राहकांच्या तिजोऱ्यांच्या प्रती चोरीला गेल्या. ज्यांचा मास्टर पासवर्ड दुबळा होता त्यांना त्याची खरी झळ. २०२३ मध्ये कीपासच्या मेमरीतून मास्टर पासवर्ड काढता येण्याचा दोष सापडला आणि पुढच्या आवृत्तीत तो दुरुस्त झाला. तरीही माझं मत स्पष्ट आहे: रिमोट सॉफ्टवेअरच्या ‘लक्षात ठेव’पेक्षा तिजोरी कितीतरी चांगली. कारण तिथे दुसरी किल्ली कॉम्प्युटरवर पडलेली नसते, माणसाच्या डोक्यात असते. कीपासची फाइल पेढीच्या दोन माणसांकडे, लांब आणि फक्त त्यांना ठाऊक असलेल्या वाक्याच्या मास्टर पासवर्डने बंद, एवढ्यावर छोट्या व्यापाऱ्याचं भागतं. पैसाही लागत नाही. मोठ्या पेढीने कनेक्शनं आणि पासवर्ड एकत्र पण माणसागणिक हक्क देऊन सांभाळणारी सॉफ्टवेअरं घ्यावीत. त्यांत एकाउंटंटला पासवर्ड न दाखवताही कनेक्शन उघडून देता येतं.

कागदाला मात्र नावं ठेवू नयेत. मुख्य पासवर्ड हाताने लिहून बंद पाकिटात घरच्या तिजोरीत ठेवणं हा उत्तम उपाय आहे. घरच्या, दुकानाच्या नव्हे. फेब्रुवारी २०२५ मध्ये रिंग रोडच्या शिवशक्ती मार्केटला लागलेली आग दुसऱ्या दिवशीही धुमसत होती आणि तिने शेकडो दुकानं खाल्ली. ज्यांचा डेटा बाहेरच्या सर्व्हरवर होता त्यांचे हिशेब वाचण्याची शक्यता होती. पण सर्व्हरचा पत्ता आणि पासवर्ड फक्त जळालेल्या कॉम्प्युटरमध्येच सेव्ह असेल तर स्वतःच्या हिशेबापर्यंत पोचायलाही दुसऱ्याच्या दारात उभं राहावं लागतं. सेव्ह केलेला पासवर्ड चोरीला जाण्याची भीती सगळेच दाखवतात, तो हरवण्याबद्दल कुणी बोलत नाही.

आता मला सर्वांत जास्त काळजी वाटते त्या गोष्टीकडे येतो. हा विषय नेहमी सेठच्या बाजूने मांडला जातो: नोकर डेटा घेऊन जाईल, प्रतिस्पर्ध्याला पार्टीचे भाव देईल. नोकराच्या बाजूने कुणी पाहत नाही. दुकानातले चौघे ‘ॲडमिन’ या एकाच नावाने, एकाच सेव्ह केलेल्या पासवर्डने आत जातात. सहा महिन्यांनी कुणाच्या तरी लक्षात येतं की एका पार्टीच्या खात्यातली जमा नोंद बदलली आहे. बदलली कुणी? सॉफ्टवेअर सांगतं, ॲडमिनने. मग बोट जातं ते नुकत्याच नोकरी सोडून गेलेल्या पोराकडे. त्याच्याजवळ स्वतःच्या निर्दोषपणाचा काहीही पुरावा नसतो, आणि खोटा संशय मार्केटात चिकटला की पुढची नोकरीही जाते. परगावच्या, परभाषेच्या पोराला तो संशय अधिक लवकर चिकटतो.

कायद्याने याची दखल एका बाजूने घेतली आहे. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांना असंच हिशेबाचं सॉफ्टवेअर वापरावं लागतं, ज्यात प्रत्येक फेरफाराची तारखेसह नोंद राहते आणि ती बंद करता येत नाही. टॅलीत याला एडिट लॉग म्हणतात. पेढी मालकीची किंवा भागीदारीची असली, सक्ती नसली, तरी तो चालू करता येतो. पण सगळे एकाच नावाने येत असतील तर एडिट लॉग फक्त वेळ सांगेल, माणूस सांगणार नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६सी कलमाखाली दुसऱ्याचा पासवर्ड लबाडीने वापरणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड आहे. आता तोच पासवर्ड सेठनेच चौघांना दिलेला असेल तर ‘दुसऱ्याचा’ म्हणायचं कुणाचा, हे कोर्टात सिद्ध करता करता दोन्ही पक्ष थकतील. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या आदेशानुसार घुसखोरी कळल्यापासून सहा तासांत त्या संस्थेला कळवायचं असतं आणि लॉग १८० दिवस जपायचे असतात. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात लोकांची वैयक्तिक माहिती नीट न सांभाळल्यास २५० कोटींपर्यंत दंडाची तरतूद आहे. गाळेधारकाला एवढा दंड होईल असं नाही, पण शेकडो कारागिरांचे आधार आणि बँक तपशील पगारपत्रकात ठेवणाऱ्या मिलमालकाने हा आकडा वाचलेला असावा.

तेव्हा करायचं काय? पत्ता जपून ठेवावा, किल्ली त्यापासून वेगळी. दुकानाच्या कॉम्प्युटरला आणि एकाउंटंटच्या लॅपटॉपला लॉगिन पासवर्ड हवा, त्यावाचून पुढचं सगळं वाया. सर्व्हरवर आणि टॅलीत प्रत्येकाचं नाव वेगळं, हक्क त्याच्या कामापुरते, ॲडमिन फक्त मालकाकडे. एनीडेस्कवर कायमचा पासवर्ड ठेवायचा असेल तर परवानगी ठरलेल्या नंबरांनाच. पासवर्ड दर महिन्याला बदलायची जुनी शिस्त अमेरिकेच्या निस्ट संस्थेनेही २०१७ मध्ये सोडून दिली, कारण माणसं शेवटचा आकडा तेवढा बदलतात. बदलायचा तो कुणी कामावरून गेल्यावर किंवा फुटल्याची शंका आल्यावर, त्याच दिवशी. पासकीसारखे पासवर्डविना उपाय येत आहेत, पण मार्केटातल्या रिमोट कनेक्शनपर्यंत ते पोचायला अजून वेळ आहे.

दिवाळीला चोपडा पूजन होतं तेव्हा सेठने एक कागद समोर घ्यावा: आपल्या कॉम्प्युटरमध्ये बाहेरून येण्याच्या वाटा किती, कुणाच्या नावावर, त्यातला कोण आता आपल्याकडे नाही. अर्ध्या तासात ही यादी होते. ती न करणाऱ्या पेढीला आपल्या हिशेबाची मालक म्हणवून घेण्याचा अधिकार नाही, असं मी म्हणेन.

आणि डिंडोली-लिंबायतच्या माझ्या मुलांनो, मुलींनो, तुमच्यासाठी वेगळं सांगायचं आहे. नव्या दुकानात काम धरताना पगाराबरोबर स्वतःच्या नावाचं लॉगिन मागा. मिळेपर्यंत ॲडमिनमध्ये नोंद करू नका. आपल्या लॅपटॉपवरचे सोडलेल्या दुकानांचे पत्ते, टोकनं आणि क्रेडेन्शियल मॅनेजरमधल्या नोंदी आज पुसून टाका. काम सोडाल त्या दिवशी सेठसमोर बसून तुमचं लॉगिन बंद करायला लावा, पासवर्ड बदलून घ्यायला लावा आणि ‘आजपासून याच्याकडे आमचा कोणताही प्रवेश नाही’ असं तारखेसह व्हॉट्सॲपवर लिहून घ्या. आणि कुणी तुमच्या नावाने काही केल्याची शंका आली तर उशीर न करता १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा.